आतड्याचं अस्तर

रात्री ९ वाजता आमच्या घरात दोन मोबाईल एकदम वाजतात, एक माझा आणि एक ह्यांचा, आणि आम्ही दोघं एकाच तांब्यातलं पाणी ओतून घेऊन एकसारखी गोळी गिळतो. आम्हा दोघांना एचआयव्ही आहे, २०१३ पासून हे चालू आहे. मधे २०२१ ला गोळी बदलली, डोल्युटेग्रेविर नावाचं औषध असलेली आली, आधीच्या गोळीने रात्री गरगरायचं आणि भलतीसलती स्वप्नं पडायची ते बंद झालं. जेवण एकच, पाणी एकाच विहिरीचं, गोळी एकच, दोघांचाही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, वर्षानुवर्षं शून्यासारखा, तरी ह्यांचे सीडी फोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशी, ७०० च्या वर गेले आणि माझे बरीच वर्षं २७० ते २९० च्या मधेच घुटमळत राहिले. ह्यांचे सीडी फोर आता कोणी मोजत पण नाही, कारण ३५० च्या वर टिकले आणि व्हायरल लोड दबलेला असला की मोजायची गरज राहत नाही. माझं मात्र दर सहा महिन्यांनी रक्त काढतात आणि दर वेळी रिपोर्ट उघडताना माझ्या पोटात गोळा येतो.

का? एकाच घरात राहून मी मागे का? हा प्रश्न मी जवळजवळ आठ वर्षं घेऊन फिरले आणि त्याचं उत्तर शेवटी पोटातच सापडलं, म्हणजे खरंच पोटात, आतड्यात. ते कोणीतरी आपल्या भाषेत सांगायला हवं म्हणून लिहितेय. नाव लिहीत नाही, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आहे, घरी शिवणकाम करते, एवढं पुरे.

आधी उशिराबद्दल लिहिते कारण सगळं तिथून सुरू होतं. २०१२ मध्ये ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्याआधीच्या रक्ततपासणीत कळलं. हे त्याच संध्याकाळी घरी आले आणि मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कोणाकडून कोणाला आलं हा हिशोब आम्ही कधी केला नाही आणि करणार पण नाही. पण मी तपासणीला गेले नाही. दहा महिने गेले नाही. तिथे रक्त घ्यायला जी बाई बसायची ती आमच्याच वाड्यावरची होती, ती ओळखेल, मग बातमी वाऱ्यावर जाईल, पोरीच्या शाळेत कळेल, ब्लाऊज शिवायला कोण येईल, हेच डोक्यात.

ही भीती गोव्यात उगाच आलेली नाही. मी शाळेत होते तेव्हा म्हापशाच्या डॉमिनिक डिसोझाची गोष्ट मोठी माणसं कुजबुजत बोलायची. रक्तदान करणारा तरुण मुलगा, १९८९ मध्ये पोलिसांनी उचलला आणि ६४ दिवस एकटा कोंडून ठेवला, गुन्हा काय तर रक्तात एचआयव्ही सापडला. तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद होती. त्याची आई लुसी डिसोझा त्याच्यासाठी हायकोर्टात गेली. बाहेर आल्यावर १९९२ मध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. आता २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, कायद्यातले थोडे अपवाद सोडले तर तुमच्या परवानगीशिवाय तुमची स्थिती कोणी कोणाला सांगू शकत नाही. पण कुजबुज ऐकत वाढलेल्या बाईच्या मनातून ते ६४ दिवस कायद्याने पुसले जात नाहीत. मी दहा महिने घाबरले त्याची मला लाज वाटत नाही, वाईट मात्र फार वाटतं, कारण त्याची किंमत माझ्या आतड्याने भरली.

शेवटी गेले ते जुलाबामुळे. २०१३ चा पावसाळा, दोन महिने जुलाब थांबेनात, वजन ३८ किलो, ब्लाऊजचं माप मीच माझं घेतलं तर टेप हातात सैल पडायची. सासूबाई रोज डाळिंबाच्या सालीचा काढा देत होत्या, त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं. संडासाच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक परजीवी निघाला. चांगल्या माणसाला तो आठवडा दोन आठवडे त्रास देऊन जातो, आमच्यासारख्याला सोडत नाही. आणि हा क्लोरीनच्या पाण्याला दाद देत नाही, पाणी उकळल्यावरच मरतो, त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी खळखळ उकळल्याशिवाय कोणी पीत नाही. माझे सीडी फोर तेव्हा ६४ निघाले. ह्यांचे सुरुवातीला ३१० होते. औषध सुरू झाल्यावर जुलाब थांबले, वजन भरलं, सीडी फोर १४०, मग २१०, मग २६८, आणि तिथे गाडी अडकली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की उशिरा सुरू केलं की असं होतं काही जणांचं, काळजी करू नका, व्हायरस दबलेला आहे ना. ते खोटं नव्हतं. पण 'असं होतं' म्हणजे आत नेमकं काय होतं ते मला कळायला हवं होतं.

कळलं ते माझ्या भाचीकडून. ती मायक्रोबायोलॉजी शिकते, दोन वर्षांपूर्वी गणेश चवथीला आली होती, मशीनजवळ बसून माझ्या पेपर कटिंगच्या कागदावर खडूने रेघोट्या मारत होती. मी तिला रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, बाय, माझंच का अडलंय? तिने तोच कागद उलटा केला. एक लांब नागमोडी रेघ काढली आणि म्हणाली, मावशी, हे तुझ्या आतड्याचं अस्तर.

अस्तर हा शब्द तिने बोलला आणि मी मशीनवरून पाय काढला.

आतड्याचं आतलं अस्तर एका पेशीएवढंच जाड असतं. एकच पदर! एका बाजूला आपण खाल्लेलं सगळं आणि कोट्यवधी बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त, आणि मधे हा एक पदर. पेशी एकमेकींना घट्ट टिपा घालून जोडलेल्या असतात आणि हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, जुन्या पेशी झडतात, नव्या येतात. आता एवढं नाजूक अस्तर सांभाळायचं तर राखणदार जवळ हवेत, म्हणून शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा खूप मोठा साठा आतड्यालगतच असतो. रक्तात फिरणाऱ्या सीडी फोर म्हणजे थोडासा हिस्सा, सुईच्या डबीतल्या दोनचार सुया, बाकीचा पुडा आतड्यात आणि अंगात इतर ठिकाणी. आणि एचआयव्हीला आत शिरायला जो दरवाजा लागतो, सीसीआर फाइव्ह नावाचा, तो ह्या आतड्यातल्या सीडी फोरवर भरपूर असतो. म्हणून लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, माणसाला साधा ताप येऊन गेला असं वाटतं त्या दिवसांत, व्हायरस आतड्यातल्या सीडी फोर झपाट्याने साफ करतो. रक्तातला आकडा तेव्हा अजून बरा दिसत असतो. घराला बाहेरून रंग तसाच आणि आतून वाळवी.

त्यात एक जात असते, भाचीने नाव लिहिलं टीएच सेव्हन्टीन. ह्या पेशींचं काम म्हणजे अस्तराची डागडुजी करायला लावणं, बॅक्टेरियांना हद्दीत ठेवणं. मी म्हटलं म्हणजे रफूवाल्या. ती हसली, म्हणाली हो मावशी, रफूवाल्या, आणि एचआयव्ही नेमक्या रफूवाल्यांनाच जास्त करून मारतो. मग अस्तर उसवतं आणि रफू करायला कोणी उरत नाही. उसवलेल्या जागेतून बॅक्टेरियांच्या कवचाचे तुकडे रक्तात गळतात. हे २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, एचआयव्ही असलेल्या माणसांच्या रक्तात ह्या तुकड्यांचं, एलपीएस म्हणतात त्यांना, प्रमाण वाढलेलं सापडलं. तुकडे रक्तात आले की शरीराला वाटतं शत्रू आला, सगळी यंत्रणा रात्रंदिवस पेटलेली राहते, आणि जी पेशी सतत लढाईच्या तयारीत असते ती लवकर थकते, लवकर मरते. म्हणजे व्हायरस गोळीने दाबला तरी ही धग चालूच राहते, आणि नव्या सीडी फोर तयार होतात त्या त्यात होरपळतात.

एआरटीने, म्हणजे एचआयव्हीच्या ह्या रोजच्या औषधाने, रक्तातल्या सीडी फोर भरतात तशा आतड्यातल्या लवकर भरत नाहीत, कित्येकांच्या पूर्ण कधीच भरत नाहीत. जितक्या खाली जाऊन औषध सुरू केलं तितकं अस्तर जास्त उसवलेलं. ३१० वर सुरू केलेले हे आणि ६४ वर सुरू केलेली मी. आठ वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर एका कटिंगच्या कागदावर मावलं. मी तिच्यासमोर रडले नाही, ती गेल्यावर रडले.

ह्या धगीचा त्रास फक्त सीडी फोरला नाही, हृदयाला पण आहे. एचआयव्ही असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्याच्या कारणांत ही सततची आतली सूज धरतात. २०२३ मध्ये रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, ७,७६९ माणसं होती त्यात, आपल्या भारतातली पण होती, रोज पिटाव्हास्टॅटिन नावाची कोलेस्टेरॉलची गोळी घेतलेल्यांत हृदयाच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. चाळिशी ओलांडली असेल तर पुढच्या वेळी बीपी, साखर, कोलेस्टेरॉलचं नक्की विचारा, आम्ही दोघांनी विचारलं.

आता बॅक्टेरियांकडे येते. माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, जवळजवळ आपल्या स्वतःच्या पेशींएवढेच, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यातले काही आपण खाल्लेला चोथा, जो आपल्याला पचत नाही तो, आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न हेच ब्युटिरेट. म्हणजे आपण त्यांना चोथा द्यायचा, ते अस्तराला जेवण देणार. एचआयव्हीमध्ये हे ब्युटिरेटवाले कमी झालेले अभ्यासांत दिसतात. आधी मोठा गाजावाजा होता की एचआयव्ही झाला की पोटात प्रेव्होटेला जातीचे वाढतात आणि बॅक्टेरॉइड्स घटतात, मग २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवलं की तो फरक एचआयव्हीमुळे नव्हे, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तो एचआयव्ही असो नसो दिसतो. आणि आपल्याकडे डाळ भात भाजी खाणाऱ्यांच्या पोटात प्रेव्होटेला तसाही भरपूर असतो, त्यामुळे 'प्रेव्होटेला वाईट' असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट टिकून राहिली, एचआयव्ही असलेल्यांच्या पोटात बॅक्टेरियांची विविधता कमी होती, आणि सगळ्यात कमी कोणाची, तर ज्यांचा व्हायरस दबलाय पण सीडी फोर वर येत नाहीत त्यांची. भाचीने हे वाक्य वाचून दाखवलं तेव्हा वाटलं बार्सिलोनात बसून कोणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय. आता विविधता कमी म्हणून सीडी फोर अडतात की सीडी फोर कमी म्हणून विविधता घटते, हा प्रश्न तिथेही उरतोच.

हे सगळं कळल्यावर मी एक चूक केली ती पण सांगते, दुसऱ्या कोणी करू नये म्हणून. एका औषधाच्या दुकानात 'आतडं साफ, इम्युनिटी दुप्पट' असं लिहिलेली पावडर मिळाली, प्रोबायोटिक अधिक कॅल्शियम, लोह, झिंक, सगळं एकत्र, महिन्याला २,२०० रुपये. २,२०० रुपयांसाठी मला किती ब्लाऊज शिवावे लागतात ते मला माहीत आहे. चार महिने घेतली, रात्री ९ च्या गोळीबरोबरच, एकाच घोटात, उपाशी पोटी. पुढच्या खेपेला काउन्सेलर मॅडमने सहज विचारलं आणखी काही घेता का, मी डबा दाखवला आणि त्यांचा चेहराच बदलला. कॅल्शियम आणि लोह डोल्युटेग्रेविरला पोटात धरून ठेवतं, गोळी रक्तात नीट उतरत नाही! गोळी अशा पावडरच्या दोन तास आधी घ्यायची नाहीतर सहा तासांनंतर, कॅल्शियम लोहाच्या बाबतीत जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतं पण उपाशी पोटी नाही. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम मॅग्नेशियमवाल्या औषधांना पण तेच, दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, तिथे जेवणाची सवलत नाही. व्हायरल लोडचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. नशिबाने वर गेला नव्हता. सीडी फोर पण तिळमात्र वाढले नव्हते.

प्रोबायोटिकवर एचआयव्हीमध्ये चाचण्या झाल्यात, बहुतेक छोट्या छोट्या, काहींत सुजेचे आकडे थोडे खाली आले, सीडी फोर खात्रीने वाढतात असं काही निघालं नाही. आणि ज्यांचे सीडी फोर फार खाली आहेत त्यांनी जिवंत बॅक्टेरियाच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत, क्वचित का होईना ते बॅक्टेरिया रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. एका ओळखीच्या बाईला तर कोणीतरी सांगितलं एआरटी महिनाभर थांबव, आधी आतडं शुद्ध करू. असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. अस्तर उसवणारा व्हायरस आहे, गोळी थांबली की तो परत कात्री घेऊन बसतो. सेप्ट्रान ह्या दुसऱ्या लागणी टाळायच्या गोळीचं पण तसंच, माझे सीडी फोर ३५० च्या खाली म्हणून ती मला अजून चालू आहे, ती अँटिबायोटिक आहे म्हणून पोटातले चांगले बॅक्टेरिया मारत असेल असं मनात येऊन मी सोडणार होते. भाचीने अडवलं, तिने वाचलं होतं की आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या मुलांत ही गोळी चालू ठेवली तेव्हा आतली सूज उलट कमी राहिली. नाही सोडली.

मग काय करायचं? मी पावडरचे पैसे अळसांद्यात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या चवळीत, घातले असं म्हणा. सासूबाईंना आता सगळं माहीत आहे, सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणून तुला तेव्हा पेज पचत नव्हती गो." एवढंच. त्यांच्या हातची उकड्या तांदळाची पेज मी मधे सोडली होती, सकाळी चहा आणि टोस्ट चालू होता, ती परत सुरू केली. उकडा तांदूळ शिजून गार झाला की त्यातला थोडा स्टार्च असा बनतो की तो लहान आतड्यात पचत नाही, खाली मोठ्या आतड्यात पोचतो आणि बॅक्टेरियांना मिळतो. कच्च्या केळ्याच्या भाजीचं पण तसंच. आठवड्यातून तीनदा अळसांदे, चणे किंवा मुगाचं तोणाक म्हणजे रस्सा, नाचणीचं तिझन म्हणजे खीर, पाव घ्यायचाच तर कोंडा लावलेली पोई. पावसात तायकिळा (टाकळा) आणि अळू परसातच उगवतो. आणि चवथीचं खतखतं, सगळ्या भाज्यांची मिसळ! नीरफणस, सुरण, कणगं, रताळं, भोपळा, मुळा, शेंगा, वर तिरफळं, एका टोपात इतक्या जातीचा चोथा दुसऱ्या कुठल्या पदार्थात मिळेल मला माहीत नाही, पोटात विविधता हवी तर ताटात विविधता हवी हे मला पटतं. आम्ही आता ते वर्षातून एकदा न करता महिन्यातून एकदा करतो, मिळेल त्या भाज्या घालून.

एकदम सुरू करू नका, मी केलं आणि पोट फुगून दोन दिवस मशीनवर बसता आलं नाही. हळूहळू वाढवा. पेज रात्रभर बाहेर ठेवायची तर आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात नको, मी झाकून फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी उकळून घेते, गरम केल्यावर पण त्या गार झालेल्या स्टार्चचा थोडा भाग तसाच राहतो. कच्चे कालव, शिनाणे अर्धवट शिजवलेले, न उकळलेलं दूध, हे आमच्यासारख्यांनी नाहीच खायचं, मासे नीट शिजवून भरपूर खा.

पेज खाल्ल्याने सीडी फोर वाढतात असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. माझं पोट मात्र बारा वर्षांत पहिल्यांदा शांत आहे, सकाळी बस पकडायच्या आधी तीनदा संडासला धावणं बंद झालं, हे माझ्यापुरतं खरं. जी नवीन मुलं मुली आता पॉझिटिव्ह निघतात त्यांना २०१७ पासून सीडी फोर कितीही असो लगेच औषध मिळतं, त्यांचं अस्तर माझ्याएवढं उसवायची वेळ येऊ नये. तपासणीला घाबरून घरात बसलेलं कोणी हे वाचत असेल तर, बाय, भाऊ, उद्याच जा. ओळखीची बाई बसलेली असली तरी जा. माझ्या वाड्यावरच्या त्या बाईने बारा वर्षांत एक शब्द कोणाला सांगितलेला नाही, उलट मी गेले त्या दिवशी तिने माझा हात दाबून धरला होता आणि रक्त काढून झाल्यावर मला बाहेर सोडायला आली होती.

गेल्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. घरी पोचले तर सासूबाई पडवीत अळसांदे निवडत बसल्या होत्या, सुपातले खडे बाजूला काढत. मान वर न करता विचारलं, "किती गो?"

"३२४."

"आणि आमच्या बाळाचे?"

"त्यांचे मोजत नाहीत आता, आई."

त्यांनी सुपातले अजून दोन मुठी पातेल्यात टाकले आणि भिजवायला पाणी आण म्हणाल्या.